रावजी हातवाला

या, अशा जवळ सरकून बसा. भिंतीला टेकलात तरी चालेल, फक्त मला मध्ये थांबवू नका. ही गोष्ट सांगताना मला अजून राग येतो, आणि रागात असले की माझा धागा पटकन सुटतो. देवाच्या दयेने मी आयुष्यात पुष्कळ कीर्तनं ऐकली. त्यांतलं एक आमच्या वाडीतल्या रावजी भुवडाने केलं, तोंडातून अक्षर न काढता. तेच आज सांगते.

"थांबवा! बुवा, आधी कीर्तन थांबवा!"

आप्पा खोत उभे राहून ओरडले, तेव्हा बुवा शबरीच्या झोपडीच्या दारात होते. छपन्न सालचा चैत्र. रामाच्या नवरात्रातली अष्टमी, दुपारचे चार वाजलेले. आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, पेटीवर होते, त्यांची बोटं सुरावर तशीच राहिली आणि पेटी एकटीच रडत बसली. शबरी एकेक बोर चाखते आहे, आंबट ते टाकते आहे, गोड ते द्रोणात ठेवते आहे, असं बुवांनी रंगवून सांगितलं होतं, आणि नेमकं तिथे बायकांच्या बाजूने कोणीतरी हसलं. हसलं म्हणजे आरोळीच ठोकली.

हसली होती हौसा. रावजीची थोरली बहीण, पन्नाशी उलटलेली. सहाव्या वर्षी देवी आल्या, त्यात तिचे कान गेले. तेव्हापासून स्वतःचा आवाज तिने कधी ऐकला नव्हता, त्यामुळे तो केवढा काढावा हे तिला कुठून कळणार? एरवी बिचारी कीर्तनात गप्प बसायची. सगळे जातात म्हणून यायची, बुवांच्या पगडीकडे बघत बसायची, आरतीला उठायची.

आता सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या, आणि तिच्याकडून तिची नजर जिथे होती तिकडे. पुरुषांच्या कडेला, खांबाशी, रावजी उभा होता. त्याचे हात हवेत होते. चिमटीत न दिसणारं एक बोर, आणि चेहरा आंबटाने असा वाकडा झालेला की मीसुद्धा तोंड आवळलं.

"हे हात मी ओळखतो," आप्पा म्हणाले. "मनगट कसं फिरवतो ते बघा. हा देवळात उभा राहून रेसचे भाव देतोय! मुंबईला रेसकोर्सवर होता ना हा? तिथला हातवाला आहे हा, हातवाला! बुकी, पेन्सिल्या, कान्या, घड्याळजी, हातवाला, सगळी एकाच उकिरड्यावरची माणसं!"

"म्हंजे वो काय, आप्पानू?" मागून शिवा पाटकराने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं. आम्हालाही नव्हतं.

आप्पांनी मग आम्हाला शहाणं केलं. पैजा घेतो तो बुकी. त्याच्या कुशीला उभा राहून वहीत झरझर लिहितो तो पेन्सिल्या. तबेल्याच्या भिंतीला कान लावून कुठला घोडा लंगडतो ते काढून आणतो तो कान्या. पहाटे घोडे फेरीला काढतात तेव्हा कुंपणाशी घड्याळ धरून बसतो तो घड्याळजी. आणि कुठल्या घोड्याचा भाव चढला, कुठल्याचा पडला, ते मैदानाच्या या टोकाकडून त्या टोकाला हाताच्या खुणांनी कळवतो, तो हातवाला.

आता तुम्हीच सांगा. ज्याने रेसचं मैदान कधी पाहिलं नाही त्याला ही सारी नावं अशी ओळीने येतात होय? पण सभामंडपात दीडशे माणसं होती आणि एकाच्याही मनात हा प्रश्न आला नाही. माझ्याही आला नाही, हे आधीच कबूल करते.

रावजी हात खाली घेत म्हणाला, "आप्पानू, भाव नाय देत मी. हौसाला शबरी सांगतंव."

"शबरी? ज्या हातांनी माणसांचे संसार बुडवलेस, त्या हातांनी शबरी?"

"हात हेच हायत माझं. दुसरं कुठनं आणू?"

चारदोन माणसं हसली. तेवढंच निमित्त झालं. आप्पा लालेलाल झाले. खोती जाऊन सहासात वर्षं झाली होती, पण देवळाचे पंच तेच, आणि आवाजही तोच. "चालता हो बाहेर! उद्या रामजन्म आहे. या सभामंडपाच्या पायरीवर तुझं पाऊल मला दिसता कामा नये. मुंबईचा घाणेरडा धंदा मुंबईत ठेवायचा."

मी बुवांकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. अहो, उष्टी बोरं आवडीने खाणाऱ्या देवाची गोष्ट चालली होती ना तोंडात? पण बुवांनी मान खाली घातली आणि चिपळ्यांची घुंगरं नीट करू लागले. राजापूरकडून आलेला माणूस, आप्पांकडे उतरलेला, आप्पांच्या पानावर जेवणारा. त्यांनी चिपळ्यांकडे पाहिलं, आमच्या मास्तरांनी पेटीकडे पाहिलं, आणि मी माझ्या बांगड्यांकडे. दीडशे माणसांना त्या घटकेला आपापल्या हातातलं काहीतरी बघायचं होतं.

रावजीने देवाला नमस्कार केला आणि तो गेला.

हौसाला काही कळलं नव्हतं. तिने माझा दंड धरला. एक हात पुढे करून तिने हवेतलं बोर उचललं, गाभाऱ्याकडे दाखवलं, आणि भुवया वर केल्या. खाल्लं का? देवाने ते खाल्लं का? एवढंच विचारत होती ती. मी चौथी इयत्ता शिकलेली, मला शेकडो पदं पाठ, आणि त्या बाईला एवढ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. मी नुसती मान हलवली. ती मान होकाराची होती की नकाराची, हे तिला कळलं नाही. ती उठली आणि भावाच्या मागे गेली.

दिवेलागणीच्या आधी मी त्यांच्या अंगणात गेले. हौसा आंबोशीच्या फोडी सुपात गोळा करत होती. तिने मला पाहिलं, नाकाला बोट लावून नथीएवढा गोल काढला, आणि रावजीला हाक मारल्यासारखा पाय आपटला. नथवाली आली, असं. वाडीतल्या प्रत्येकाला तिने असं नाव दिलेलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"या मास्तरीणबाय," रावजी ओटीवरून उतरला. "बसा. पाट दे गं," हे तो बोललाही आणि हातांनीही.

मी म्हटलं, "रावजी, आज फार वाईट झालं."

"झाला ता झाला."

"पण त्या खुणा... रेसच्याच का त्या?"

तो मोठ्याने हसला. "उलटा हाय ता, मास्तरीणबाय. लहानपणी हिचं कान गेलं तवा मी चार वरसांचा. ही बोलंना, मी बोललेला हिला कळंना. मग आमी दोघांनी हात काढलं. भात शिजला का असा, पाऊस आला का असा, आई रागावली का असा. मुंबईला गेलो तवा पैल्यांदा तबेल्यात घोड्यांस्नी खरारा करायचो. एकदा मैदानाच्या पल्याड आमच्या गाववाल्याला हातांनीच सांगितला, तुझी चिठ्ठी आलीय, आईला बरा हाय. ता एका बुकी शेटनं बघितला. बोलला, एवढ्या लांबून एवढा सांगतोस? चल माझ्याकडं. हातवालं तिथं आदी होतं, पण त्यांस्नी नुसतं आकडं येत. मी आमच्या घरातल्या खुणा घातल्या, म्हंजे दुसऱ्या शेटांना कळू नयेत." त्याने नाक चिमटीत धरलं. "ही हिची सुकटीची खूण. वास येतो म्हणून. तिथं ती 'पाचास एक' या भावाची झाली. भात उतू गेला का ही अशी बोटं उडवते, ती झाली 'भाव चढला'."

मला हसू आवरेना. कोट-टोपी घातलेले मुंबईचे शेठ वर्षानुवर्षं आमच्या हौसाच्या सुकटीवर आणि भातावर पैजा घेत होते! आणि आप्पा म्हणत होते, मुंबईची घाण देवळात आणली. अहो, आमच्या वाडीतल्या एका बहिऱ्या पोरीच्या खुणा मुंबईने नेल्या होत्या. हा माणूस त्या परत घेऊन आला होता.

"आणि तुम्ही स्वतः कधी पैसे लावलेत?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"लावायला घोडं बगायला लागतं, मास्तरीणबाय. हातवाल्याचं तोंड बुकींकडं. घोडं धावायचं माझ्या पाठीमागनं. सव्वीस वरसं नुसता टापांचा आवाज ऐकलाय मी, जिंकणारं घोडं एकदाबी बगितला नाय." मग म्हणाला, "आई गेली, ही एकटी ऱ्हायली. तवा आलो."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. "रावजी, आप्पांना तुमचे हात कसे ओळखू आले?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. अंगणातला केर पायाने बाजूला केला. "तिथं दिसलेली माणसं तिथंच ठेवायची असतात," तो म्हणाला, आणि तो विषय त्याने तिथेच मिटवला. एका वाक्यात तो आप्पांना भर सभामंडपात खाली बसवू शकला असता. सगळी वाडी पोट धरून हसली असती. शब्द त्याच्या जिभेवर होता आणि त्याने तो गिळला होता.

हौसा मध्येच आली. तिने धनुष्य ओढलं, मग दोन्ही हातांनी पाळणा हलवला, मग आभाळाकडे, डोक्यावरच्या सूर्याकडे बोट दाखवलं.

"उद्याचा इचारते," रावजी म्हणाला. "पन्नास वरसं ही रामजन्माला जाते. फुलं मुठीत धरून बसते. राम नेमका कवा जन्मला, हिला कळत नाय. शेजारणीनं हात उचलला का ही उचलते. सगळ्यांची फुलं पडून गेली का मग हिची पडतात. यंदा मी हिला कबूल केलाय, तुला सगळ्यांच्या बरोबरीनं कळंल. आता काय सांगू?"

मी म्हटलं, "मास्तरांना सांगते आप्पांशी बोलायला."

"नको. मास्तरांची नोकरी आप्पांच्या शिफारशीची."

खरं होतं ते. म्हणूनच तर पेटीकडे बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी दहाला कीर्तन उभं राहिलं. फुलांच्या परड्या, सुंठवड्याचा वास, गाभाऱ्यासमोर पाळणा बांधलेला. हौसा आली ती थेट बायकांच्या शेवटच्या ओळीत गेली, वाटेच्या कडेला, आणि दाराकडे तोंड करून बसली. देवाकडे पाठ, बुवांकडे पाठ, दीडशे माणसांच्या उलट.

"अगो, हे काय? देवाकडे पाठ?" आप्पांच्या यमुनाबाई कुजबुजल्या. मग हौसाला ऐकू येत नाही हे आठवून त्यांनी तिचा खांदा धरला आणि तिला फिरवलं. हौसा पुन्हा वळली. त्यांनी पुन्हा फिरवलं.

मग मात्र माझ्याने राहवलं नाही. मी यमुनाबाईंचा हात धरला. सोवळ्यात होत्या त्या, तरी धरला. "राहू द्या तिला. तिचा देव दारातून येतोय."

त्यांनी दाराबाहेर पाहिलं, मग मीही पाहिलं. अंगणात दीपमाळेशी रावजी उभा होता. धुतलेला पांढरा सदरा, डोक्यावर काही नाही, पायांत काही नाही. बाजूला बकुळीची गर्द सावली होती. पण तिथून तो हौसाला दिसला नसता, म्हणून तो उन्हात उभा होता. चैत्राचं ऊन आणि खाली तापलेला चिरा. कीर्तन त्याला तिथे ऐकू येत होतं, आणि ती त्याला दिसत होती. त्याला आणखी काय हवं होतं? लांबून कळवायचं, हेच तर त्याने जन्मभर केलं होतं.

आप्पा तरातरा बाहेर गेले. "तुला काल काय सांगितलं मी?"

"पायरीवर नाय मी, आप्पानू. पायरी ती बगा, तकडं ऱ्हायली."

अंगण गावाचं होतं. आप्पा परत आले आणि धुसफुसत बसले.

बुवांनी हे सगळं पाहिलं होतं. मला त्यांचा राग होता, अजून आहे, पण झालं ते खरं सांगायला हवं. त्यांनी चाल संथ केली. एरवी धबधब्यासारखे बोलणारे बुवा एकेक वाक्य सुटं बोलू लागले, दाराकडे तोंड करून, मोठ्याने, आणि प्रत्येक वाक्यानंतर झांजा वाजू देऊन थांबू लागले. थांबले की अंगणातले हात हलायचे. दशरथाला मूल नाही: रिकामी ओटी. यज्ञातून पायस आलं: दोन्ही तळव्यांत वाटी. तीन राण्यांना वाटून दिलं: सुमित्रेला दोनदा, हे सांगताना रावजीने डोळे मिचकावले आणि हौसा खुदकन हसली. या वेळी हळू. तिने ओठांवर हात ठेवला होता. कालचं तिला कोणी सांगितलं असेल, ते मी रावजीला कधी विचारलं नाही.

बारा वाजत आले. सभामंडप उठून उभा राहिला. परड्यांत हात गेले. बुवांचा आवाज खाली खाली येत गेला, झांज थांबली, पेटी थांबली. हौसाने भावाकडे टक लावली होती. रावजीने दोन्ही हात डोक्यावर नेले आणि मुठी मिटल्या. घामाने सदरा अंगाला चिकटला होता, पाय तो एकेक करून उचलत होता, पण मुठी जराही हलत नव्हत्या.

बुवांनी जन्म पुकारला आणि रावजीच्या मुठी उघडल्या.

त्याच क्षणी हौसाची फुलं उडाली. शेजारणीचा हात न पाहता. दीडशे जणांच्या फुलांत मिसळून, त्यांच्याबरोबर चढली आणि त्यांच्याबरोबर पडली. आणि तिच्या गळ्यातून एक आवाज निघाला, मोठा, ओबडधोबड, कुठल्याही सुरात न बसणारा. तेव्हा शंख वाजत होता, घंटा वाजत होती, म्हणून तो कोणाला खटकला नाही. मी शेजारी होते, मी ऐकला. त्याहून शुद्ध जयजयकार माझ्या कानांवर पडलेला नाही.

पाळणा झाला, आरती झाली, सुंठवडा वाटला. आणि आता माझा राग सांगते. दोन तास तो माणूस उन्हात उभा होता, आणि रामाचा जन्म झाल्याच्या आनंदातसुद्धा आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही की म्हणावं, रावजी, आता तरी सावलीत ये. एका तांब्यात पाणी घालून न्यावं. मलाही पाय होते ना? हौसाच गेली. सुंठवड्याचा द्रोण तिने त्याच्या हातावर दिला, त्याच्या पायांकडे पाहिलं, आणि आपल्या लुगड्याच्या पदराने त्याचे तळवे पुसायला खाली बसली. तो मागे सरला. तिने त्याला एक चापट मारली.

रावजी त्याच वर्षी आश्विनात गेला. चार दिवसांचा ताप. दहाव्याला आप्पा आले होते. ओटीवर बसून म्हणाले, "धंदा हलका होता, पण माणूस तसा बरा होता." मी तोंडाला पदर लावून आत गेले, नाहीतर त्यांनी रेसची नावं कुठे पाठ केली ते सगळ्या वाडीने ऐकलं असतं. मग रावजीचं ते वाक्य आठवलं, आणि मीही गिळलं. आज तुम्हाला सांगते आहे, कारण आता आप्पाही नाहीत, आणि रावजी मला रागावायला नाही.

सगळ्या थंडीभर मी हौसाकडून खुणा शिकले. पुढच्या रामजन्माला मी तिच्यासमोर बसले, बुवांकडे पाठ करून. या खेपेला यमुनाबाईंनी कोणाला फिरवलं नाही. माझे हात अडखळत होते, सुमित्रेच्या जागी मी कैकेयीला दोनदा पायस दिलं. हौसा समजूतदारपणे मान हलवत राहिली. बारा वाजत आले तसं मी मुठी वर नेल्या. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. ती दाराकडे वळली होती. बाहेर दीपमाळेशी नुसतं ऊन होतं.

बुवांनी जन्म पुकारला. सगळ्यांची फुलं उडाली, पडली, पायांखाली गेलीसुद्धा. हौसाची मूठ मिटलेलीच होती. आरतीही झाली. मग ती उठली, माणसांतून वाट काढत बाहेर गेली, आणि दीपमाळेशी चिऱ्याच्या फरशीवर, दोन पावलं उमटतील एवढ्या जागी, तिने ती फुलं ठेवली.

एवढीच गोष्ट. आता उठाल आणि आपापल्या घरी जाल. कधी रामजन्माला गेलात तर फुलं उधळताना एक मुठीत राखा आणि रावजी भुवडाला आठवा. त्याला हातवालाच म्हणा, दुसरं नाव शोधायचं कारण नाही. फक्त म्हणताना अंमळ मान लववा.